पंचमाचा सेव्हन्थ आणि त्याचें योग्य स्थान



पुण्यास कांहीं कामानिमित्त येणारे आपल्या खेड्यांतील तरुण बुधवार पेठेंतील अप्पा बळवंत चौकांत, जेथें पुस्तकांचीं दुकानें दाटीनें आहेत, तेथें गिटार शिकविणाऱ्या पुस्तकाची चौकशी करितात. अशा पुस्तकांत बोटें कोठें ठेवावीं ह्याचीं चित्रें असतात. तीं तेथेंच कां ठेवावीं, हें बहुधा नसतें. मग नवशिका वादक एखादा स्वरमेळ आवडला म्हणून तो प्रत्येक पदांत वाजवितो, आणि ज्या वृद्ध भगिनींस अक्षरओळख नसतांही पुष्कळ पदें मुखोद्गत आहेत, त्यांचा सूर ढळून त्या हळूहळू गप्प होतात. ही हानि लहान नव्हे. म्हणून आज ज्यास डॉमिनंट सेव्हन्थ म्हणतात त्या स्वरमेळाचा आपण विचार करूं.

हा स्वरमेळ म्हणजे काय? सा, ग, प हे तीन स्वर एकत्र वाजविले म्हणजे षड्जाचा स्वरमेळ होतो. तो पदाचें घर होय. पंचमापासून त्याच रीतीनें एकाआड एक स्वर घेतला तर प, नि, रे असा पंचमाचा स्वरमेळ होतो. त्यांत म मिळविला कीं सेव्हन्थ झाला. कारण प, ध, नि, सा, रे, ग, म असें मोजिलें असतां म सातवा येतो. ह्या चौघांपैकीं दोघे अस्वस्थ आहेत. नि हा सा च्या खालीं अर्ध्याच सुरावर आहे, तो वर ओढतो. शुद्ध म हा ग च्या वर अर्ध्याच सुरावर आहे, तो खालीं झुकतो. दोघे एकदम वाजले कीं कानास घराची ओढ लागते. पेठेंतील बोळ आपणांस चौकांत आणून सोडतो. परंतु बोळांत उभें राहणें म्हणजे चौकांत पोहोंचणें नव्हे. सेव्हन्थ हा असा बोळ आहे.

अशा अस्वस्थ स्वरांविषयीं युरोपांतही एके काळीं वाद झाला. १६०० सालीं आर्तूसी नामक इटालियन पंडितानें माँतेवेर्दी ह्या रचनाकाराच्या गीतांतील, पूर्वतयारीवांचून आणिलेल्या कर्कश स्वरांवर कडक टीका छापिली. पुढें असे स्वर तिकडे रूढ झाले, पण ते कोठें आणावे हा प्रश्न राहिलाच.

हाताचा पाठ. गिटारीच्या तारा जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई अशा लाविलेल्या असतात. बारीक तार पहिली व सर्वांत जाड ती सहावी. पडदा म्हणजे दांडीवरील धातूची पट्टी. बोट तिच्या किंचित् मागें दाबावें. ए हा सा मानिला म्हणजे ई हा प होतो. तर्जनी तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर, मधलें बोट पांचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर व अनामिका चौथ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवा. हा प, नि, रे झाला. आतां करंगळी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवा, म आला. नंतर घरीं या : दुसरी, तिसरी व चौथी ह्या तारा दुसऱ्या पडद्यावर दाबा व सहावी तार छेडूं नका. पहा, तिसऱ्या तारेवर नि एक पडदा चढून सा झाला, आणि दुसऱ्या तारेवर म एक पडदा उतरून ग झाला. जें कानांनीं ऐकिलें तेंच डोळ्यांस दिसलें.

करंगळी पुरत नसेल तर ती उचलावी व अनामिकाही काढावी. मोकळी चौथी तार स्वतःच म आहे. प्रत्येक स्वरमेळास चार मात्रा देऊन सावकाश सराव करावा. गाणारांचा सूर ह्याहून उंच असेल तर दांडीस कॅपो लावावा. बोटांची रीत तीच राहते.

कोठें वाजवूं नये? पाश्चात्य चालींच्या पदांत ओळ घरीं परतण्यापूर्वीं हा स्वरमेळ शोभतो. परंतु भूप रागांत म व नि हे दोन्ही स्वर वर्ज्य आहेत, आणि सेव्हन्थचा प्राण त्याच दोघांत आहे. यमनांत म तीव्र असतो, सेव्हन्थचा म शुद्ध. दोघांचें पटत नाहीं. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं अभंगांच्या व भजनांच्या वळणावर पदें रचिलीं. अशीं पदें देशी चालींत गातांना प्रथम चालींतील स्वर ओळखावे. शंका असल्यास मोकळी पांचवी तार सा व मोकळी पहिली तार प, एवढ्याच तंबोऱ्याप्रमाणें छेडाव्या. अमेरिकेंतील ब्लूज गायनांत सेव्हन्थवरच मुक्काम करितात; तें त्या गायनास शोभतें, आपल्या भजनास नाहीं.

वाद्य हें गाणारांचा चाकर होय. ज्या स्वरानें मंडळी मोकळ्या कंठानें गाते तो राखावा. ज्यानें ती अडखळते तो कितीही गोड असला तरी सोडावा.

अभ्यासासाठीं प्रश्न :
१. सेव्हन्थमधील कोणते दोन स्वर अस्वस्थ आहेत व ते कोठें जातात?
२. आपल्या मंडळींत गाइल्या जाणाऱ्या तीन पदांत शुद्ध म व नि आहेत काय? पेटीवर तपासून पहा.
३. भूपांतील पदास गिटारीची साथ कशी द्यावी?