कृत्रिम खुबा आणि त्याचे उपद्रव

मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. अशा रचनेस उखळीचा सांधा म्हणतात. संधिवाताने हा सांधा निकामी झाला, म्हणजे त्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविता येतो. जंतुसंसर्ग आणि शिरांतील रक्ताची गुठळी हे धोके त्याच्या सर्वच प्रकारांत संभवतात. परंतु काही उपद्रव सांधा कशाचा घडविला आहे यावर अवलंबून असतात.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली या शल्यविशारदाने १९५८ च्या सुमारास पोलादी गोळा आणि टेफ्लॉनची वाटी अशी जोडी वापरण्यास प्रारंभ केला. तव्यावरील लेपामुळे आज घरोघरी परिचित झालेला हा पदार्थ अतिशय गुळगुळीत असतो. रुग्णांच्या वेदना थांबल्या, ते चालू लागले. सुमारे ३०० जणांवर ही शस्त्रक्रिया झाली. पण थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या आणि झिजेच्या भुकटीने भोवतालच्या ऊतींचा दाह होऊ लागला. चार्न्लीने टेफ्लॉनची भुकटी स्वतःच्या मांडीत घालून पाहिली. नऊ महिन्यांनंतर तेथे गाठी हाताला लागत होत्या. अपयशाची अशी पडताळणी करणारे विरळाच! नोव्हेंबर १९६२ पासून त्याने पॉलिएथिलीनची वाटी स्वीकारली.

पॉलिएथिलीनही झिजते, मात्र फार सावकाश. त्याचे सूक्ष्म कण शरीरातील रक्षक पेशी गिळतात, पण त्यांना ते पचत नाहीत. त्या पेशींतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे लगतचे हाड विरत जाते आणि सांधा सैल होतो. झीज कमी व्हावी म्हणून चार्न्लीने गोळा केवळ २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवला होता. परंतु लहान गोळा वाटीतून अधिक सहज निखळतो.

धातूची वाटी आणि धातूचाच मोठा गोळा घेतल्यास निखळण्याचे भय कमी होते. तथापि, कोबाल्ट आणि क्रोमियम यांचे अंश रक्तात उतरतात व काही रुग्णांच्या ऊतींचा नाश होतो. याच कारणास्तव २०१० मध्ये अशा सांध्याचा एक प्रकार भारतासह जगभरातून परत घेण्यात आला. चिनीमातीच्या जातीच्या कठीण पदार्थाचा सांधा सर्वांत कमी झिजतो; पण तो कधी चालताना करकरतो आणि क्वचित फुटतो. फुटल्यावर त्याचे अणकुचीदार तुकडे पूर्णपणे काढणे शल्यविशारदास अत्यंत कष्टाचे जाते.

१९९० नंतरच्या दशकात किरणोत्साराने पॉलिएथिलीनच्या रेणूंना परस्परांशी अधिक घट्ट जोडण्यात यश आले. अशा वाटीची झीज बरीच कमी असल्याने तीत ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळाही बसविता येतो.