पायाच्या दुखण्याला डॉक्टर कोणता?

पाय दुखला की आपण आधी तेल चोळतो, मग शेजारणीने सांगितलेला डॉक्टर गाठतो. घोटा मुरगळून चार पावलेही टाकवत नसतील, तर चोळू नये. त्याच दिवशी एक्स-रे काढावा. टाच किंवा सांधा बरेच दिवस दुखत असेल, तर ऑर्थोपेड. कुरूप, घट्टा, मांसात रुतलेले नख ही पोडियाट्रिस्टची कामे. २००८ च्या कायद्याप्रमाणे त्याला आरोग्य खात्याचे प्रमाणपत्र लागते. पेडिक्युर करणारी बाई म्हणजे पोडियाट्रिस्ट नव्हे.

मधुमेहाची गोष्ट वेगळी. आपल्या किती घरांत तो आहे, हे आम्ही सांगायला नको! साखरेने पाय बधीर होतात, खडा रुतला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून दुर्लक्षिलेल्या जखमेपायीच पाय कापण्याची पाळी येते. तेव्हा तोर मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कुपत होलिममध्ये आपल्या फॅमिली डॉक्टरला मोजे काढून दोन्ही पाय दाखवावेत. कुरूप घरी ब्लेडने कापू नये.

किप्पूरला चामड्याचे जोडे वर्ज्य म्हणून आपल्यापैकी काहीजण नुसत्या मोज्यांवर वावरतात. मधुमेह्यांनी तसे करू नये. कापडी वा रबरी बूट चालतात. त्यांना धर्माची मनाई नाही.