हरिणवर्गीय श्वापदे आणि लहान बोअरची बंदूक

शापोरा नदीच्या उत्तर तीरावर, शिवोलीच्या समोर वसलेला चोपडे हा पेडणे तालुक्यातील गाव. एका बाजूस नदीकाठची खाजने व मळे आणि दुसऱ्या बाजूस काजूने भरलेल्या टेकड्या, अशी त्याची रचना आहे. टेकडी आणि मळा यांच्यामध्ये फारसे अंतर नसल्यामुळे रानातील जनावर एका रात्रीत पिकात उतरते आणि उजाडण्यापूर्वी परत जाते. पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक गावांची स्थिती अशीच आहे. यांपैकी कित्येक गावांत पीक-संरक्षणाच्या नावाने परवाना घेतलेल्या बंदुका आहेत. काही ठासणीच्या, काही काडतुसाच्या, आणि बऱ्याचशा बापाकडून मुलाकडे आलेल्या. अशा बंदुकीविषयी ग्रामस्थ एक प्रश्न नेहमी विचारतात : घरातली बंदूक लहान बोअरची आहे, तिने भेकर किंवा मेरू मारता येईल काय?

हा प्रश्न ऐकताच 'कायद्याने बंदी आहे' असे सांगून तो मिटविण्याकडे आम्हा सरकारी माणसांचा कल असतो. ते उत्तर खरे आहे. तथापि एवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. आपली बंदूक समर्थ आहे आणि कायदाच आड येतो, असा त्याचा ग्रह कायम राहतो. म्हणून या लेखात आधी बंदुकीचा विचार करू आणि कायद्याकडे नंतर वळू. शिक्षकबंधूंना यातील हिशेब वर्गातही उपयोगी पडावेत.

प्रथम 'बोअर' या शब्दाचा अर्थ पाहू. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम शिसे घेऊन त्याच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती १२ बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८·५ मिलिमीटर भरतो. तेवढ्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होते आणि नळीही अरुंद होते. २० बोअरचा व्यास सुमारे १५·६ मिलिमीटर असतो. २८ बोअरचा व्यास १४ मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी बारीक होते, हे नवख्या माणसाला उलटे वाटते. याला अपवाद ४१० चा. हा बोअरचा आकडा नसून इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला व्यास आहे. मिलिमीटरमध्ये तो १०·४ होतो. पौंडाच्या हिशेबाने मोजल्यास ही नळी जवळजवळ ६८ बोअरची ठरेल. लहान बोअर म्हटले की मुख्यतः २०, २८ आणि ४१० या नळ्या अभिप्रेत असतात.

'बारीक नळीचा मार तिखट' अशी एक समजूत ऐकू येते. तिला आधार नाही. छर्ऱ्यांचा वेग १२ बोअरमध्ये आणि ४१० मध्ये साधारण सारखाच असतो. फरक पडतो तो छर्ऱ्यांच्या संख्येत. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम शिसे मावते, २० बोअरमध्ये सुमारे २५ ग्रॅम, तर ४१० च्या आखूड काडतुसात अवघे १४ ग्रॅम. मोठ्या जनावरासाठी वापरला जाणारा एस्. जी. छर्रा सुमारे ८·४ मिलिमीटर व्यासाचा असून एकेकाचे वजन साडेतीन ग्रॅमच्या जवळपास भरते. साहजिकच १२ बोअरमध्ये असे नऊ छर्रे बसतात, २० बोअरमध्ये सात आणि ४१० मध्ये चार.

आता या छर्ऱ्यांचे पुढे काय होते ते पाहू. नळीतून बाहेर पडताच ते पसरू लागतात. नळीचे तोंड किंचित आवळून, ज्याला 'चोक' म्हणतात तो देऊन, हा पसारा कमी करता येतो. पूर्ण चोक असलेली नळी ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६ मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात शेकडा ७० छर्रे टाकते, असे प्रमाण मानले जाते. चितळाएवढ्या जनावराचे हृदय व फुप्फुसे मिळून जे मर्मस्थान होते, ते जेवणाच्या ताटाएवढे, सुमारे १० इंच व्यासाचे असते. ३० इंची वर्तुळाचे क्षेत्रफळ त्याच्या नऊपट. म्हणजे १२ बोअरच्या नऊ छर्ऱ्यांपैकी सहा वर्तुळात आले आणि नेम अचूक असला, तरी मर्मस्थानी सरासरीने एकसुद्धा पुरता छर्रा लागत नाही. वाट्याला येतो दोन-तृतीयांश! ४१० च्या चारांपैकी तीन वर्तुळात आले तर हा वाटा एक-तृतीयांशावर येतो, म्हणजे तीन बारांमागे एक छर्रा. वर्तुळाच्या मध्यभागी छर्रे थोडे अधिक दाट पडतात, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेब किंचित सुधारेल. परंतु ठासणीच्या बंदुकीला चोक नसतो, दारूचे माप हाताच्या अंदाजाने पडते, आणि अंधारात ३६ मीटर म्हणजे किती हे सांगणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. त्यामुळे मिळालेली सुधारणा तेथेच खर्ची पडते.

उरलेले छर्रे कोठे जातात, हा या विषयातील खरा प्रश्न आहे. ते पोटात जातात, मांडीत जातात, जबड्याला लागतात. हरिणवर्गातील जनावर अशा जखमेने जागच्या जागी पडत नाही. ते धावत सुटते आणि झाडीत शिरते. पोटातील जखम चिघळून ते काही दिवसांनी मरते आणि बहुतेक वेळा कोणाच्या हातीही लागत नाही. मादी असली तर तिचे पाडसही उपासमारीने जाते. पंधरावीस पावलांवरून चारही छर्रे एकत्र लागले तर लहानखुरे भेकर पडेलही. परंतु रानातले भेकर पंधरा पावलांवर शांत उभे राहत नाही. मेरूचा, म्हणजे सांबराचा, पूर्ण वाढलेला नर तर २०० किलोच्याही वर जातो. त्याच्या खांद्याच्या हाडापुढे गोल छर्ऱ्याचा जोर लवकर संपतो, कारण गोल वस्तू हवेत आपला वेग फार झपाट्याने गमावते.

ज्या देशांत हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे, तेथील अनुभव याहून निराळा नाही. इंग्लंड व वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार गुळगुळीत नळीच्या बंदुकीने हरीण मारण्यास मनाई आहे. तेथे रायफलच लागते, आणि तिची गोळी निदान २४० चा, म्हणजे सुमारे ६·१ मिलिमीटरचा व्यास आणि नळीच्या तोंडाशी २,३०५ ज्यूल ऊर्जा असलेली हवी. या नियमाला एक सवलत आहे आणि ती आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे : पिकाचे गंभीर नुकसान होत असेल तर जमीन कसणाऱ्यास छर्ऱ्याची बंदूक वापरता येते. मात्र ती १२ बोअरहून बारीक चालत नाही, आणि छर्रा ५·१६ मिलिमीटरहून लहान नसावा किंवा २२·६८ ग्रॅमची एकसंध गोळी असावी, अशी अट आहे. २० बोअर आणि ४१० त्या सवलतीतही बसत नाहीत. जर्मनीच्या शिकार कायद्याने तर खुराच्या शिकारीवर छर्रे झाडणे सरळ निषिद्ध केले आहे. अमेरिकेतील काही राज्यांत २० बोअरमधून एकसंध गोळी वापरण्याची मुभा आहे. पण ती मुभा एका जड गोळीला आहे, छर्ऱ्यांच्या मुठीला नव्हे, हा भेद ध्यानात घ्यावा.

आपल्या देशातही हा विचार नवा नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात प्रारंभी शिकारीच्या परवान्याची तरतूद होती. चितळ, सांबर, भेकर ही जनावरे त्या वेळी 'मोठ्या शिकारी'त गणली जात. अशी शिकार रायफलीनेच करावी, आणि छर्ऱ्याची बंदूक वापरायची झाल्यास परवान्यात तसा खास उल्लेख असावा व तीत एकसंध गोळीच भरावी, असे बंधन त्या कायद्यात घातलेले होते. अर्थात शिकार चालू होती त्या काळातही घरातील ४१० आणि तिचे चार छर्रे यांना मान्यता नव्हतीच.

१९९१ च्या दुरुस्तीने ती परवानापद्धती संपुष्टात आली आणि शिकार बंद झाली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, हरिणवर्गातील सर्व जनावरे पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत आहेत. आपल्याकडील चिमुकली पिसोरी पहिल्या अनुसूचीत, तर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येते. उभ्या पिकाला धोका आहे या कारणासाठी केवळ दुसऱ्या अनुसूचीतील जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील जनावरास पिकाच्या कारणावरून हात लावता येत नाही. लेखी आदेशाविना जनावर मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि जनावर पहिल्या अनुसूचीतील असल्यास किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. त्याखेरीज न्यायालय शस्त्रपरवाना रद्द करून पाच वर्षे नवा परवाना मिळण्यास अपात्र ठरवू शकते. गाडी व बंदूक सरकारजमा होण्याचा संभव असतो तो निराळाच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळते, आणि ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यास पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. परंतु तो परवाना बंदूक बाळगण्याचा आहे. जनावर मारण्याची परवानगी त्यात अंतर्भूत नाही. बार काढून जनावर पिटाळणे एवढेच काम त्या बंदुकीने करावयाचे, आणि त्या कामाला लहान बोअर काय नि मोठी काय, आवाज सारखाच पुरतो. ठासणीच्या नळीत सळईचे तुकडे व खिळे भरण्याची जी खोड काही ठिकाणी आहे, तिने नळी फुटून बार काढणाराच जखमी होण्याची भीती असते. रात्रीच्या शिकारीत सोबत्यालाच जनावर समजून गोळी घातल्याच्या बातम्याही गोवा व सिंधुदुर्गातील वृत्तपत्रांत अधूनमधून वाचावयास मिळतात.

बंदुकीला हात घालण्याआधी पीक कोणी खाल्ले हे तरी नक्की करावे. हरिणवर्गातील जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती गाईगुरांप्रमाणे शेंडा ओरबाडून तोडतात, त्यामुळे अळसांद्याच्या किंवा भाताच्या रोपाचे टोक फाटके दिसते. ससा व साळिंदर तिरकस, सुरीने कापल्यासारखा काप करतात. रानडुक्कर जमीन उकरते आणि खाल्ल्याहून अधिक तुडवते. गवा आला असल्यास खुराचा ठसाच सर्व सांगतो. हे दिवसाउजेडी, ताज्या खुणा असताना पाहून ठेवावे, कारण 'हरणाने खाल्ले' म्हणून आलेल्या तक्रारीत मळा उकरलेला आढळला, तर पंचनामा करणारा कर्मचारी हरणाचे नाव लिहिणार नाही.

नुकसान झाल्यास वन खात्याकडे व विभागीय कृषी कार्यालयाकडे विनाविलंब कळवावे आणि पंचनाम्यापूर्वी शेत साफ करू नये. सौर कुंपणासाठी कृषी संचालनालयाकडून अर्थसाहाय्य मिळते, त्याची चालू वर्षाची अट कार्यालयात विचारून घ्यावी. सौर कुंपणातील विजेचा झटका क्षणिक असतो; जनावर दचकून मागे फिरते. घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा मात्र गुन्हा असून त्याने माणसेही मेली आहेत. जाळीचे कुंपण घालणाऱ्याने उंची दोन मीटरहून अधिक ठेवावी. डुकरासाठी केलेले कंबरभर कुंपण मेरू सहज ओलांडतो.

परवानाधारकांसाठी आणखी एक बाब. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१७ आणि २०२२ या दोन्ही वर्षी विधानसभेचे मतदान फेब्रुवारीत झाले, म्हणजे वायंगण भात उभे आणि काजू धरलेला अशा वेळी. शेतकऱ्यांची याबाबतची तक्रार रास्त आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. सूट मिळण्यासाठी जिल्हा प्रशासनाच्या छाननी समितीकडे अर्ज करता येतो. त्यासोबत परवान्याची प्रत, पिकाखालील जमिनीचा उतारा आणि आधीच्या नुकसानीचा पंचनामा जोडावा. मुदत अल्प असल्याने ही कागदपत्रे घरात तयार असलेली बरी.