दवंडी कुठवर पिटायची? मल्टिकास्ट प्रक्षेपण जाहीर करण्याची कृती

मल्टिकास्टमध्ये एकदाच पाठवलेला व्हिडिओ नेटवर्कवरच्या हव्या तितक्या संगणकांना घेता येतो. पण अमुक पत्त्यावर काही चालू आहे, हे त्यांना कळायचे कसे? 1990च्या दशकात एमबोन या मल्टिकास्ट नेटवर्कवर व्हॅन जेकबसन यांचा ‘एसडी’ आणि नंतर मार्क हँडली यांचा ‘एसडीआर’ हे प्रोग्रॅम ही सोय करत. त्यामागची पद्धत, म्हणजे सेशन अनाउन्समेंट प्रोटोकॉल (एसएपी), 2000 साली आरएफसी 2974 या दस्तऐवजात नोंदली गेली. तिला मध्यवर्ती सर्व्हर लागत नाही. जो तो ठरलेल्या पत्त्यावर आपली दवंडी पिटत राहतो आणि ऐकणारा आपली यादी आपणच बनवतो. कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर व्हीएलसी हा प्लेअर वापरून ही यादी आजही सहज उभी करता येते.

सुरुवात पत्त्यापासून करा, कारण घाईत नेमके इथेच चुकते. संस्थेच्या आतला कार्यक्रम असेल तर 239.255ने सुरू होणारा पत्ता घ्या, उदाहरणार्थ 239.255.12.7. त्याची घोषणा त्याच पट्ट्यातल्या शेवटच्या पत्त्यावर, म्हणजे 239.255.255.255वर जाते. जगभरच्या कार्यक्रमांसाठीचा घोषणेचा पत्ता वेगळा आहे: 224.2.127.254. पोर्ट दोन्हीकडे 9875. कार्यक्रम जिथवर पोहोचतो तिथवरच घोषणाही पोहोचावी, हा या पद्धतीचा गाभा आहे. यादीत नाव दिसते पण चित्र येत नाही, यापेक्षा नाव न दिसलेले परवडले.

आता व्हीएलसीच्या मीडिया मेनूत ‘स्ट्रीम’ उघडून फाइल निवडा. पुढे ‘आरटीपी / एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम’ हा प्रकार जोडा, पत्ता आणि पोर्ट 5004 भरा. स्ट्रीमच्या नावाचा रकाना रिकामा ठेवू नका, कारण नाव असेल तरच घोषणा जाते. ‘टेस्ट’ असले नाव देऊ नका. यादीत तशी चार निघतात.

पाकीट किती राउटरपर्यंत जाऊ शकते हे टीटीएल हा आकडा ठरवतो; तो 1 असेल तर पाकीट पहिला राउटर ओलांडत नाही. दुसऱ्या इमारतीत पोहोचायचे तर तो वाढवा आणि राउटरवर मल्टिकास्ट चालू आहे ना, हे नेटवर्कवाल्यांना विचारा. पाठवणारा संगणक केबलनेच जोडा. वायफायवर मल्टिकास्ट सहसा कमी वेगाने जाते आणि चित्र तुटते.

दुसऱ्या संगणकावर व्हीएलसीच्या प्लेलिस्टमध्ये ‘नेटवर्क स्ट्रीम्स (एसएपी)’ निवडा आणि थांबा. आरएफसीनुसार दोन घोषणांमध्ये साधारण 300 सेकंदांचे अंतर असते. सगळ्या घोषणांनी मिळून सेकंदाला 4000 बिटांपेक्षा जास्त जागा खाऊ नये, अशी मर्यादा आहे. एक घोषणा 500 बाइटची धरली तर 300 कार्यक्रमांपर्यंत हे गणित जमते. 600 झाले की प्रत्येकाची पाळी 600 सेकंदांनी येते. व्हीएलसी मात्र इतकी वाट पाहायला लावत नाही. बराच वेळ काहीच दिसले नाही तर आधी फायरवॉलमध्ये यूडीपी 9875 तपासा, मग स्विचवरची आयजीएमपीची, म्हणजे मल्टिकास्ट गटांची नोंद ठेवणाऱ्या प्रोटोकॉलची, मांडणी.

या यादीला पहारेकरी नाही. कोणीही कसलेही नाव घुसवू शकतो, म्हणून गुप्त बैठक इथे जाहीर करू नका.

संपल्यावर केबल उपसू नका, व्हीएलसीत ‘स्टॉप’ दाबा. त्याने घोषणा मागे घेणारे पाकीट जाते. ते वाटेत हरवले किंवा गेलेच नाही, तर आरएफसीनुसार ऐकणारे घोषणांच्या अंतराच्या दहापट किंवा एक तास, यांपैकी जे जास्त असेल तितका वेळ थांबून मगच नाव काढतात.