कांद्याला खत: किती आणि केव्हा

कांद्याची मुळे आखूड असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच पसरतात. खोल घातलेले खत त्यांच्या फारसे कामी येत नाही आणि वरच्या थरात अर्धकच्चे खत पडले तर त्याचा त्रासही थेट मुळांनाच होतो. पुनर्लागवडीच्या तोंडावर उकिरड्यातून उपसलेले ओले शेणखत वाफ्यात पसरण्याची घाई अनेकजण करतात. असे वाफे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत: आधी तणांची दाटी, मग हुमणीने खाल्लेली रोपे, आणि वाचलेली रोपेही फिकट. काडीकचऱ्याचे प्रमाण जास्त असलेले खत कुजवताना जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात, त्यामुळे खत घालूनही पीक उपाशी राहते. शेणखत चार-सहा महिने कुजलेले असावे. हाताला भुसभुशीत लागणारे, शेणाचा वास गेलेले खत नांगरणीनंतर, शेवटच्या कुळवणीपूर्वी मिसळावे.

चांगल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. म्हणजे दहा टनांत ५० किलो. पण त्यातले पहिल्या हंगामात पिकाला मिळते ते थोडेच, उरलेले पुढे हळूहळू सुटते. नुसत्या शेणखतावर संकरित भाजीपाल्याचे भरघोस पीक काढू म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. शेणखताचे खरे मोल जमीन भुसभुशीत होण्यात आणि ओल टिकण्यात आहे. नत्राची उरलेली गरज रासायनिक खताने भागवावी लागते.

कांद्यासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश ही प्रचलित शिफारस आहे. माती परीक्षणानुसार ती कमीजास्त करावी. स्फुरद, पालाश आणि निम्मे नत्र लागवडीवेळी द्यावे. स्फुरदासाठी डीएपीपेक्षा सिंगल सुपर फॉस्फेट बरे. त्यात १६ टक्के स्फुरदाबरोबर सुमारे ११ टक्के गंधक असते आणि कांद्याचा तिखटपणा गंधकाच्याच संयुगांमुळे येतो. डीएपीत गंधक नसते, पण पोती कमी उचलावी लागतात म्हणून ते खपते.

उरलेले नत्र ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत द्यावे. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो. चुनखडीच्या जमिनीवर तो उघडा टाकून ठेवला तर अमोनिया होऊन उडतो. टाकल्यावर लगेच हलके पाणी द्यावे.

सगळ्यांत महाग पडतो तो उशिरा दिलेला युरिया. साठ दिवसांनंतर पात फिकी दिसली की आणखी एक गोणी फेकण्याचा मोह होतो. पिकाला काळोखी येते आणि शेजारीपाजारी कौतुकही करतात. पण माना जाड राहतात, जोडकांदे वाढतात, कांदा नीट सुकत नाही आणि चाळीत भरल्यावर सडू लागतो. काढणीच्या दिवशी वजन चांगले भरल्यामुळे दोष खताचा होता हे सहसा ध्यानात येत नाही. त्याचे खापर पावसावर किंवा चाळीवर फुटते.

पात पिवळी पडण्यामागे नत्राची कमतरता असेलच असे नाही. नत्र कमी पडल्यास आधी जुनी, बाहेरची पात पिवळी होते. नवी, आतली पात पिवळी पडत असेल तर चुनखडीच्या जमिनीत लोहाची उणीव तपासावी. वाफ्यात पाणी साचले असेल तर आधी निचरा करावा. पातीवर पांढुरके चट्टे दिसत असल्यास फुलकिडे शोधावेत. नत्राची कमतरता सोडली तर यांपैकी एकाही दुखण्यावर युरिया हा उपाय नाही.