जुन्या मालमोटारीचा पुनर्जन्म

रस्त्याने जाणाऱ्या मालमोटारी लक्षपूर्वक पाहिल्या, तर त्यांचे दोन प्रकार ध्यानात येतात. काहींच्या पुढच्या भागी लांब नाक असते. त्या नाकात, म्हणजे बॉनेटखाली, इंजिन असते आणि त्याच्या मागे चालक बसतो. दुसऱ्या प्रकारच्या मोटारीला नाकच नसते. तिचे तोंड भिंतीसारखे सपाट असते. मग तिचे इंजिन कोठे असते? ते असते केबिनच्या खाली. चालक जणू इंजिनावर स्वार होऊनच मोटार हाकतो. भारतात आणि युरोपात अशा सपाट तोंडाच्या मालमोटारी आजही सर्रास दिसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र लांब पल्ल्याच्या वाहतुकीतून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या आहेत. म्हणूनच तेथील काही हौशी माणसे मोडकळीस आलेल्या अशा मोटारी शोधून काढतात आणि आपल्या घराच्या आवारात त्यांना पुन्हा चालत्या करतात.

ही मोटार गरजेपोटी जन्माला आली आणि गरज सरताच मागे पडली. अमेरिकेतील राज्यांनी मालमोटारीच्या एकूण लांबीवर कायद्याने मर्यादा घातल्या होत्या. ही लांबी मोटारीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोजली जाई. साहजिकच, नाक जितके आखूड, तितकी मालाला जागा अधिक! व्यापाऱ्यांना हे गणित तत्काळ पटले. परंतु केबिनखाली दडलेल्या इंजिनाची दुरुस्ती करणे मोठे जिकिरीचे होते. यावर कारखानदारांनी युक्ती काढली. १९४९ साली व्हाइट कंपनीने आपली '३०००' या नावाची मोटार बाजारात आणली. तिची संपूर्ण केबिन यंत्राच्या साह्याने पुढे कलत असे आणि खालचे इंजिन उघडे पडत असे. फोर्ड कंपनीची 'सी' मालिकेतील कलत्या केबिनची मोटार तर १९५७ पासून १९९० पर्यंत तयार होत राहिली.

पुढे १९८२ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने नवा कायदा केला. प्रमुख महामार्गांवर मोटार आणि तिला जोडलेली मालगाडी यांच्या एकूण लांबीवर मर्यादा घालण्यास त्याने राज्यांना मनाई केली. आता नाकाची लांबी कोणालाही अडचणीची वाटेना. लांब नाकाच्या मोटारीत चालकाला धक्के कमी बसतात, इंजिनाचा आवाज आणि उष्णता दूर राहते. त्यामुळे त्याच मोटारी लोकांना प्रिय झाल्या. सपाट तोंडाच्या मोटारी एकामागून एक शेतांच्या कडेला, गोदामांच्या मागे आणि भंगाराच्या ढिगाऱ्यात जाऊन पडल्या. ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी आपले काम सुरू केले.

अशी एखादी मोटार घरी आणणे हीच पहिली कसोटी असते. ती साध्या गाड्यांच्या गॅरेजात मावत नाही. केबिन पुढे कलवली म्हणजे तर तिला आणखी उंची आणि पुढे आणखी मोकळी जागा लागते. त्यामुळे बहुधा उघड्या आवारातच काम करावे लागते. जाणता मनुष्य मोटार आणल्याबरोबर पान्हा हातात घेत नाही. तो आधी वही आणि कॅमेरा हातात घेतो. प्रत्येक भागाचे छायाचित्र काढतो. जो नट सुटेल त्याला चिठ्ठी बांधतो. कोणती तार कोठून कोठे गेली आहे, हे लिहून ठेवतो. सुटे भाग जोडण्याची वेळ कित्येक महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही येते. इतका काळ स्मरणशक्तीवर विसंबून चालत नाही.

मग गंजाशी सामना सुरू होतो. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून तो नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत शिरला की त्यांना एकमेकांत घट्ट आवळून टाकतो. अशा वेळी बळ उपयोगी पडत नाही; बोल्ट तुटून मात्र जातो. त्यावर पातळ तेल सोडावे, रात्रभर वाट पाहावी, नट थोडा तापवावा. तापलेला नट किंचित प्रसरण पावतो आणि पकड ढिली होते. सर्वांत घातक गंज डोळ्यांना दिसत नाही. तो पायाखालच्या रबरी चटईखाली, दारांच्या तळाशी, केबिन जेथे सांगाड्यावर टेकते त्या जागी लपलेला असतो. तेथे हातोडीने हलके ठोकून पाहावे लागते. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. बद्द आवाज आला तर तो कापून नवा जोडावा लागतो.

या कामात अविचाराला क्षमा नाही. जॅक हे साधन मोटार उचलण्यासाठी आहे, पेलून धरण्यासाठी नाही. म्हणून मोटार उचलल्यावर तिच्याखाली भक्कम लोखंडी घोड्या लावतात. कलवलेल्या केबिनखाली शिरण्यापूर्वी तिचा लोखंडी टेकू नीट अडकला आहे याची खात्री करतात. काही जुन्या चाकांचा टायर रिमवर वेगळ्या लोखंडी कड्याने अडकवलेला असतो. हवा भरताना ते कडे निसटले, तर तोफेच्या गोळ्यासारखे उसळते. अशा अपघातांत कामगार प्राणास मुकले. म्हणून १९८० साली अमेरिकेत कामगारांच्या संरक्षणासाठी नियम झाले आणि अशी चाके पोलादी पिंजऱ्यात ठेवूनच त्यांत हवा भरावी, असे ठरले. घरी काम करणाऱ्याला कोणी तपासनीस येऊन विचारीत नाही. तथापि शहाणा मनुष्य असे चाक स्वतः हाताळीत नाही, जाणत्या कारागिराकडे नेतो. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि ब्रेकच्या जुन्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. दोहोंची धूळ श्वासावाटे पोटात आणि फुप्फुसात जाऊ नये, यासाठी तो योग्य मुखपट्टी वापरतो आणि कोरडी धूळ उडू देत नाही.

इंजिन प्रथम सुरू करण्याचा क्षण मोठ्या उत्कंठेचा असतो. त्या काळच्या अनेक मोटारींत जनरल मोटर्सचे '७१' मालिकेतील डिझेल इंजिन असे. ही मालिका १९३८ साली निघाली. तिच्या प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ७१ घनइंच असल्यामुळे सहा सिलिंडरांच्या इंजिनाला '६-७१' म्हणत. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या अशा इंजिनात इंधनाचे नियमन करणारे भाग चिकटून बसलेले असतात. तसे असता इंजिन सुरू केले, तर ते अनावर वेगाने फिरू लागते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. त्याला थांबविण्याचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे त्याची हवा तोडणे. म्हणून अनुभवी मनुष्य आधी इंजिन हाताने फिरवून पाहतो, ते भाग मोकळे करतो, आणि सुरू करतेवेळी हवेच्या तोंडाशी सपाट फळी घेऊन एका साथीदाराला उभे करतो. बहुधा त्या फळीचा उपयोग करावा लागत नाही. पण ती हाताशी असल्यावाचून इंजिन सुरू करावयाचे नाही, हा नियम तो पाळतो.

येथवरचे काम कठीण असले तरी त्यातील बरेवाईट स्पष्ट असते. खरा पेच यानंतर पडतो. मोटार पुन्हा होती तशी करावी, की आपल्या मनासारखी घडवावी? काहीजण मूळ रंग, मूळ दिवे, मूळ आसन यांचा आग्रह धरतात. कारखान्यातून ती जशी बाहेर पडली, तशीच ती दिसली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. दुसरे काहीजण म्हणतात, "मोटार वापरात राहिली तरच ती जगली." ते तिला नव्या पद्धतीचे ब्रेक, हलके फिरणारे सुकाणू, प्रखर दिवे आणि कमरेचे पट्टे बसवितात. काही तर १९४० च्या सुमाराची केबिन उचलून आजच्या सांगाड्यावर ठेवतात आणि तिला झगमगीत रंग देतात.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. ब्रेक आणि चाके यांच्या बाबतीत वाद घालण्याचे कारण नाही. कारण रस्त्यावर मोटारीच्या मालकाबरोबर इतरांचेही प्राण असतात. जुनेपणाच्या प्रेमासाठी वाटसरूचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण इतर बाबतींत एक साधी कसोटी उपयोगी पडते. आपण केलेला बदल पुढच्या माणसाला पूर्ववत करता येईल काय? आसन बदलले आणि जुने आसन जपून ठेवले, तर काही बिघडत नाही. परंतु केबिनचे छप्पर कापून टाकले, तर ते पुन्हा मिळत नाही.

या कसोटीचे मोल एका गोष्टीवरून चांगले कळते. दाराचा रंग पॉलिशकागदाने घासताना कधी कधी वरचा थर जाऊन खालचा दिसू लागतो. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तांबडा. आणि त्या तांबड्यावर रंगाऱ्याने हाताने काढलेली अक्षरे! एखाद्या जुन्या वाहतूक मंडळीचे किंवा फळबागेच्या मालकाचे नाव, आणि खाली एका गावाचे नाव. ती मोटार कोणाची होती आणि कोणाच्या मालासाठी धावली, याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. कागद आणखी दहा वेळा फिरला की दार गुळगुळीत होईल, नव्या रंगाला उत्तम बसेल आणि ते नाव कायमचे पुसले जाईल. येथे हात थांबवावा की चालू ठेवावा, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. काहीजण ते नाव तसेच ठेवून भोवतीचा रंग देतात. काहीजण त्याचे छायाचित्र आणि माप घेतात व नव्या रंगावर तीच अक्षरे पुन्हा रेखाटतात. काहीही न पाहता जो घाशीत राहतो, त्याची मोटार चकचकीत होते. पण ती कोठून आली, हे त्यालाही सांगता येत नाही.

अशा मोटारींची आणि त्यांच्या इतिहासाची आस्था असणाऱ्यांनी १९७१ साली 'अमेरिकन ट्रक हिस्टॉरिकल सोसायटी' ही संस्था स्थापन केली. तिच्या मेळाव्यांत जुन्या मोटारी ओळीने उभ्या राहतात. काही अगदी मूळ रूपात असतात, काही नव्या साजाने नटलेल्या असतात. त्यांच्याभोवती वृद्ध चालक जमतात. केबिनमध्ये डोकावून पाहतात. आणि उन्हाळ्यात खालच्या इंजिनाची धग कशी लागे, हे नातवंडांना सांगतात. ज्या हातांनी गंज खरवडला, टेकू लावले आणि योग्य जागी घासणे थांबविले, त्या हातांनी एका यंत्राबरोबर त्या कष्टाळू माणसांची आठवणही राखलेली असते.

स्वाध्याय

१. सपाट तोंडाच्या मालमोटारी अमेरिकेत का वाढल्या आणि पुढे का कमी झाल्या?
२. गंजलेला नट सोडविताना बळापेक्षा धीर अधिक उपयोगी का पडतो?
३. इंजिन प्रथम सुरू करताना साथीदार फळी घेऊन का उभा राहतो?
४. दारावरचे जुने नाव राखावे की पुसावे? तुमचे मत कारणे देऊन आठ-दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा गावातील एखादी जुनी वस्तू निवडा. ती दुरुस्त करताना काय बदलाल आणि काय तसेच ठेवाल, ते सांगा.