घरातील किडींचा बंदोबस्त : आखाजी ते मृग

भुसावळ तालुक्यातील वरणगाव आणि आसपासची गावे कडक उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध आहेत. वैशाखात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. काही वर्षी तो त्याही वर चढतो. अशा कोरड्या मुलखात दमट हवेतील किडींची चर्चा कशासाठी, असा प्रश्न शेतकरी बंधूंच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु मृगाचा पाऊस पडला की हवा एकदम पालटते. भिंती ओल धरतात, मीठ पाझरते, गोणपाट हाताला ओलसर लागते आणि उष्मा मात्र फारसा उतरत नाही. ऊब व ओल यांचा हा संयोग पुढे चार महिने टिकतो, आणि घरातील बहुतेक किडींना नेमका तोच मानवतो.

शेतकरी कुटुंबाला कीड दिसते ती श्रावणात. कोठीचे झाकण काढले की दादरीत टोके वळवळताना आढळतात, मुगाच्या दाण्याला गोल भोके पडलेली असतात, खांबावर मातीची रेघ चढलेली असते. त्यानंतर औषधासाठी धावपळ सुरू होते. खरे पाहता या वेळी करण्यासारखे फारच थोडे उरलेले असते. ज्या उन्हाने हे काम फुकट झाले असते, ते ऊन दोन महिन्यांपूर्वीच सरलेले असते. म्हणून घरातील किडींच्या बंदोबस्ताची मुख्य कामे आखाजी ते मृग या मुदतीतच उरकली पाहिजेत. पावसाळ्यात करावयाची ती केवळ देखरेख.

प्रथम धान्याचा विचार करू. दादर व गहू घरी येतात तेव्हा दाणा वाळलेला दिसला तरी आतून पुरेसा वाळलेला असतोच असे नाही. साठवणीच्या धान्यात ओलाव्याचे प्रमाण शेकडा १० ते १२ च्या आत असावे. घरी हे मोजण्याचे साधन नसते. परंतु दाणा दाताखाली धरला असता ‘कट्ट’ असा आवाज होऊन तो फुटावा, दबू नये, ही जुनी पारख आजही उपयोगी आहे. सोंडकिड्याची मादी दाण्याला बारीक खळगा पाडून त्यात अंडे घालते व तोंड चिकट द्रवाने बंद करते. अळी दाण्याच्या आतच वाढते. त्यामुळे वरून निर्मळ दिसणाऱ्या धान्यातही कीड असू शकते. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालते आणि उबदार, दमट हवेत अंड्यापासून नवा किडा तयार होण्यास सुमारे एक महिना पुरतो. म्हणजे ज्येष्ठात कोठीत राहिलेल्या मूठभर किड्यांच्या दसऱ्यापर्यंत तीन-चार पिढ्या होतात. दाणा खरोखर कोरडा असेल तर मात्र सोंडकिड्याची वाढ खुंटते.

कडधान्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. मूग, उडीद, तूर यांवरील भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो व धान्याबरोबर घरात येतो. कोठी कितीही स्वच्छ असली तरी अशा धान्याला भुंगा लागणारच. म्हणून कडधान्य कोठीत भरण्यापूर्वी उन्हात तापविणे हा उपाय टाळता येत नाही. धाब्यावर किंवा गच्चीवर ताडपत्री अंथरून दाण्यांचा दोन बोटांपेक्षा जाड थर होणार नाही असे पसरावे, दुपारी दोन-तीन वेळा हलवावे आणि असे दोन-तीन दिवस करावे. खानदेशातील वैशाखाच्या उन्हात पातळ पसरलेला दाणा हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापतो. दाण्याची उष्णता ५० अंशांच्या वर काही तास राहिली म्हणजे किडे व आतील अळ्या मरतात. मात्र येथे एक चूक सर्रास होते. संध्याकाळी तापलेले धान्य तसेच कोठीत ओतले जाते. गरम धान्य बंद कोठीत निवताना आत पाणी सुटते व तेच बुरशीला कारण होते. धान्य रात्रभर कोरड्या जागी निवू द्यावे व सकाळी भरावे. घरी खाण्याच्या मूग-उडदाला किलोमागे चमचाभर खाद्यतेल चोळून ठेवण्याची गृहिणींची पद्धतही चांगली आहे. तेलाच्या लेपामुळे दाण्यावरील अंडी जगत नाहीत. पापडासाठी ठेवावयाच्या उडदाची वेळीच डाळ करून ठेवली तर भुंग्याचा उपद्रव बराच कमी होतो, कारण त्याला अख्खा दाणा हवा असतो.

सुकविण्याच्या उपायाला न जुमानणारी एक कीड आहे, तिचे नाव खापरा. तिची केसाळ, तपकिरी अळी अतिशय कोरड्या धान्यातही जगते आणि गहू-ज्वारीच्या ढिगाचा वरचा फूट-दीड फूट भाग फस्त करते. अन्न मिळेनासे झाले तर ती भिंतीच्या भेगेत, कोठीच्या सांध्यात किंवा गोणपाटाच्या घडीत शिरून वर्षभराहूनही अधिक काळ उपाशी राहू शकते. नवे धान्य आले की ती पुन्हा बाहेर पडते. ‘आमच्या घरी दरवर्षीच कीड लागते’ अशी तक्रार ज्या घरी ऐकू येते, तेथे पुष्कळदा दोष धान्याचा नसून भेगांचा असतो. अशा घरी कोठी पूर्ण रिकामी करून झाडावी, झाडलेला कचरा अंगणात न टाकता जाळावा, भेगा माती-शेणाने वा सिमेंटने लिंपाव्यात, आणि जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत. जुन्या धान्यावर नवे धान्य ओतू नये. हा नियम सर्वांना ठाऊक आहे, पण कोठीच्या तळाशी उरलेले पायलीभर धान्य बाहेर काढण्याचा कंटाळा तो मोडावयास लावतो.

पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावीत व भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवावीत. पावसाळ्यात भिंतीला टेकलेले पोते त्याच बाजूने आधी खराब होते, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. कणगीपेक्षा घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी बरी. पत्र्याची कोठी परवडत नसेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली पुसा कोठी घरच्या घरी बांधता येते. तिच्यात मातीच्या दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा कागद घातलेला असतो, त्यामुळे बाहेरची ओल आत शिरत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्यास हरकत नाही. परंतु ओल्या किंवा आधीच किडलेल्या धान्याला तो वाचवील अशी अपेक्षा धरू नये.

आता घराकडे वळू. खानदेशातील जुनी घरे धाब्याची असतात. सागाच्या खांडांवर लाकडी किलचने, त्यावर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकून ते सारखे करण्याची रीत यासाठीच पडली. धाबे गळले म्हणजे खांडाचे भिंतीतील टोक भिजते, आणि वाळवीला ओले लाकूड व ओली माती एकत्र मिळते. वाळवी म्हणजेच उधई उजेड व कोरडी हवा सहन करू शकत नाही. म्हणून जमिनीतील वारुळापासून लाकडापर्यंत ती मातीच्या नळ्या बांधीत येते. या नळ्याच तिचा माग सांगतात. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले व सकाळी पंखांचा सडा पडला, तर जवळपास वारूळ आहे असे समजावे. जोत्याच्या आतून-बाहेरून, चौकटीच्या खाली आणि न्हाणीजवळच्या भिंतीवर दर पंधरवड्यास नजर टाकावी. नळी दिसताच खरवडून काढावी व ती कोठून आली ते शोधावे. नुसती नळी मोडल्याने वाळवी जात नाही, ती दुसरी बांधते. पण ती कोठे आहे हे तरी कळते. जळाऊ लाकूड, तुराट्या व जुने वासे भिंतीला लावून ठेवू नयेत. खांडावर बोटाने ठोकले असता पोकळ आवाज आला तर पाऊस सुरू होण्यापूर्वीच आधार द्यावा. धाब्यावर पावसाच्या पाण्याने माती जड होते, आणि पोखरलेले खांड कोसळते ते बहुधा रात्री, घरातील माणसे खाली निजलेली असताना.

उंदरांच्या बाबतीत खानदेशाला जुना अनुभव आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला व पुढील वर्षांत तो प्रांतभर पसरला. खानदेशही त्यातून सुटला नाही. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहण्याच्या आठवणी कित्येक घराण्यांत सांगितल्या जात. ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला या गावी व त्यानंतर सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले. १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी सोडलेल्या घरांत धान्य तसेच राहिले व त्यावर उंदीर माजले, असे कारण मामल्याच्या बाबतीत त्या वेळी पुढे आले. सुरत व भुसावळ एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि खानदेशातील पुष्कळ कुटुंबे पोटासाठी सुरतेत राहतात, त्यामुळे तेथील साथीची झळ येथेही जाणवली. उंदीर मारण्यापेक्षा त्याला आत येऊ न देणे सोपे असते. दाराच्या खालच्या कडेला वीतभर पत्रा ठोकावा, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी, आणि कडब्याची गंजी घरापासून दूर रचावी. लहान घरउंदराला पाव इंचाची फटही पुरते, हे ध्यानात ठेवावे.

डासांविषयी लिहिताना खानदेशातील एका वस्तूचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो, ती म्हणजे कूलर. उन्हाळ्यात येथे घरोघरी कूलर चालतो. पाऊस पडताच त्याचा उपयोग संपतो, तो बंद होतो, आणि टाकीतील पाणी तसेच राहते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्याच्या वर टाकीच्या कडेला चिकटलेली असतात व पाणी आटले तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. म्हणून टाकी नुसती ओतून चालत नाही. ती घासून, पुसून, उन्हात कोरडी करावी. रांजण, हौद व पाण्याच्या टाक्या आठवड्यातून एकदा याच रीतीने घासाव्यात व त्यांना घट्ट झाकण असावे. गुरांच्या हौदात गप्पी मासे सोडावेत.

नियमितपणा सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण हिवतापाने घालून दिले आहे. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला व घराघरांत डी.डी.टी. फवारली गेली. १९६५ च्या सुमारास वर्षाकाठी आढळणाऱ्या रोग्यांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. मग देखरेख ढिली पडली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली हीच संख्या ६४ लाखांवर गेली.

विषारी औषधांसंबंधी एक इशारा येथे आवश्यक आहे. एके काळी शिफारस केलेली कित्येक औषधे आता बंद झालेली आहेत. डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली थांबला. वाळवीसाठी वापरले जाणारे आल्ड्रिन १९९६ साली व बी.एच.सी. भुकटी १९९७ साली बंद झाली. धान्याच्या कोठीत फोडावयाच्या ई.डी.बी.च्या काचनळ्यांवर २००१ साली बंदी आली. माळ्यावर पडलेले जुने डबे कोणी धान्यात वापरू नयेत. धुरी देण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या कुटुंबाचा जीव घेतो. हे काम फक्त परवानाधारक माणसाने, राहत्या घरापासून अलग असलेल्या कोठारातच करावयाचे असते. वाळवीसाठी जमिनीत औषध घालावयाचे झाल्यास तेही अशाच माणसाकडून आणि विहिरीपासून दूर.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामाची सुरुवात व्याख्यानाने करू नये. आखाजीनंतरच्या आठवड्यात गावातील एका घरी, घरच्या मंडळींच्या संमतीने, कोठी रिकामी करून दाखवावी. पोत्याची घडी उलगडून खापऱ्याच्या अळ्या, तर कूलरच्या टाकीतील पाण्यात डासांच्या अळ्या प्रत्यक्ष दाखवाव्यात. धान्य सांभाळतात त्या स्त्रिया, म्हणून हे प्रात्यक्षिक चावडीपेक्षा घराच्या ओसरीवर झालेले बरे. त्याच घरातील पायलीभर दादर न वाळविता मडक्यात बांधून ठेवावी व उरलेली वाळवून कोठीत भरावी. पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन्ही उघडून शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर चाळणीतून काढावीत आणि चाळणीखाली काय पडते ते सर्वांना पाहू द्यावे.